पुन्हा मागे वळून बघावंसं वाटतं : डोक्यात अडकून बसणारे विचार आणि धास्ती, तुम्ही काय केलंत?

म्हार्दोळचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यात तीन महिने गेले. आज काढतोच.

मी रोज म्हार्दोळहून पणजीला गाडीने जातो. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, पणजी. मार्चमधल्या एका संध्याकाळी परतताना पुलाच्या अलीकडे मागचं चाक खड्ड्यात आपटलं. खड्डाच होता, मी पाहिला होता. पण थोडं पुढे गेलो आणि मनात आलं, खड्डा नसेल तर? माणूस असेल तर? वळलो. रस्ता रिकामा. परत निघालो. मग वाटलं, बाजूच्या गटारात पडला असेल तर? पुन्हा वळलो. त्या रात्री पाच वेळा वळलो, मोबाईलचा उजेड टाकून गवतात शोधलं. घरी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

आता हे रोजचंच झालंय. धक्का बसला की वळायचं. घरी आल्यावर बंपर तपासायचा, चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवायचा. सकाळी पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या. वाटेत बायकोला फोन करतो. ती बिचारी दर वेळी सांगते, "काही झालेलं नाही, या घरी." पाच मिनिटं बरं वाटतं. मग पुन्हा तेच.

मी कुणाला उडवलेलं नाही हे मला ठाऊक आहे. तरी खात्री वाटत नाही. ठाऊक असणं आणि खात्री वाटणं यात एवढं अंतर असतं हे मला या वर्षी कळलं. पाऊस सुरू झालाय, खड्डे वाढत चाललेत आणि मला रस्त्याची भीती बसलीय. कुणाला असं काही झालंय का?

पोदेराची_सायकल

बाब, तुम्ही एकटे नाही. माझं गॅसचं आहे. रेग्युलेटर बंद करतो, त्याचा फोटो काढतो, मग कामावर जातो. बसमध्ये फोटो पाहतो, आणि हा आजचाच की कालचा, अशी शंका येते. परवा मुलीच्या वाढदिवसाचे फोटो शोधत होतो तर चारशेच्या वर सिलिंडरचेच निघाले. रडू आलं हो.

मांडवीकाठचा

प्रवासीबाब, फार विचार करू नका. रिकामं मन सैतानाचं घर. पहाटे उठून प्राणायाम करा, नामस्मरण करा, असे विचार आले की झटकून टाका. मन खंबीर केलं की सगळं ठीक होतं. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायची सवय लागलीय आपल्याला.

तुळशीवृंदावन

मांडवीकाठचे, राग मानू नका, पण मी एक गोष्ट सांगते.

लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या घरी आले ते १९८४ साल. सासूबाई विहिरीवर आंघोळ करून ओलेत्यानेच देवघराकडे निघायच्या. वाटेत कुणाचा पदर लागला, मांजर आडवं गेलं, की परत विहिरीवर. आधी दोनदा, शेवटी शेवटी दहा-बारा वेळा. भर पावसातसुद्धा. नैवेद्य दाखवायला दुपारचे दोन वाजायचे. सगळा वाडा म्हणायचा, काय कडक सोवळं! मी नवी सून, मला वाटायचं आपल्याच अंगात भक्ती कमी.

एकदा कळशी द्यायला विहिरीवर गेले तेव्हा त्यांचे हात जवळून पाहिले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी फटक, तिला चिरा गेलेल्या, चिरांमध्ये साबणाचा फेस अडकलेला. त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. एकवीस झाले की थांबायच्या. मी "आई" म्हणून हाक मारली आणि मोजणी चुकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्या नजरेत राग नव्हता हो, नुसती भीती होती. आणि मग पुन्हा एकपासून.

नामस्मरण त्यांनी आयुष्यभर केलं. मनाने त्या खंबीरच होत्या, नवऱ्यामागे तीन मुलं वाढवली. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. भक्तीवर कोण औषध आणतो? बाई आतून जळत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो. त्या गेल्याला वीस वर्षं झाली, पण ही खंत माझ्यासोबतच जाणार.

पोदेराची_सायकल

तुळशीवृंदावनताई, वाचून सुन्न झालो.

मनोमन

मी या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इथे बसून कुणाचं निदान करता येत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांनीच करायचं. पण प्रवासींनी लिहिलंय ते ओसीडीच्या (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार अडकून बसणं आणि त्यापोटी तीच तीच कृती करत राहणं) पुष्कळ रुग्णांकडून ऐकायला मिळतं. आपल्याकडे जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणत.

आधी "झटकून टाका" याबद्दल. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार दाबायला गेलं की तो आलाय का हे बघायला मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला त्या विचाराचं तोंड सतत आठवावं लागतं. मन खंबीर असो की नसो, हे सगळ्यांचंच होतं.

दुसरं, असे भलतेसलते विचार येणं हाच आजार नव्हे. १९७८ मध्ये रॅखमन आणि डी सिल्वा यांनी काहीही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितलं की नको ते विचार आम्हालाही येतात. आईला धक्का मारला तर, देवळात शिवी तोंडातून गेली तर, असलेच. बहुतेकांच्या डोक्यातून ते निघून जातात. ओसीडीत माणूस त्याला अर्थ चिकटवतो : "असा विचार आला म्हणजे मी तसाच आहे", "शंका आली म्हणजे काहीतरी झालंच असेल". मग धास्ती. धास्ती घालवायला कृती, म्हणजे वळून बघणं, धुणं, मोजणं, विचारणं. कृतीने क्षणभर सुटका. आणि त्या सुटकेनेच मेंदू शिकतो की वळून पाहिलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळीही वळ. प्रवासीबाब, तुमचं वळणं हे तुमच्या धास्तीचं औषध नाही. ते तिचं जेवण आहे.

दिवाडीची_फेरी

शेवटचं वाक्य लिहून फ्रीजवर लावलं.

खड्ड्यांचं म्हणाल तर आमच्याकडे सांजावच्या सणाला विहिरीत उड्या मारतात, यंदा विहिरी शोधायला नकोत, रस्त्यावरच उड्या मारता येतील. प्रवासीबाब, थोडं हसावं म्हणून लिहिलं हां, तुमचा त्रास छोटा करायला नव्हे.

डिचोलीकर

मनोमन यांनी "विचारणं" लिहिलंय त्यावरून बाबांची आठवण आली.

आई हृदयविकाराने गेली. त्या रात्री गोळ्या बाबांनी दिल्या होत्या. मी चुकीची गोळी दिली का, हे त्यांच्या डोक्यात बसलं. डॉक्टरांनी "नाही" म्हणून सांगितलं, आम्ही पाकीट दाखवलं, गोळ्या मोजून दाखवल्या. मग ते देवळात कौल घ्यायला गेले. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते त्यावरून होकार-नकार समजतात. कौल बाबांच्या बाजूने आला. त्या रात्री ते महिन्याभराने पोटभर जेवले.

पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. तोच प्रश्न, शब्द वेगळे. मग त्याच्या पुढच्या सोमवारी. सात-आठ सोमवार झाल्यावर म्हातारे भटजी पाकळ्यांचं ताट खाली ठेवून म्हणाले, "देवाने तुम्हाला उत्तर दिलंय. आता मी लावणार नाही. चला, बाहेर बसून चहा घेऊ." बाबा भयंकर चिडले. तीन रात्री झोप नाही. देऊळ बदलायची भाषा केली. पण भटजी बधले नाहीत, दर सोमवारी चहा मात्र पाजायचे. पावसाळा संपेपर्यंत बाबांचं विचारणं कमी झालं, आणि चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला ते स्वतः शिडीवर चढले. त्या भटजींना ओसीडी हा शब्द माहीत असेल असं मला वाटत नाही.

मनोमन

डिचोलीकर, भटजींनी जे केलं त्याचंच शास्त्रशुद्ध रूप म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). भीतीला सामोरं जायचं आणि ठरलेली कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली ही पद्धत मांडली आणि आज ओसीडीवरच्या समुपदेशनात तिचं स्थान वरचं आहे. मात्र ती पायरी-पायरीने, जाणकाराच्या मदतीने करायची. आणि भटजींचा चहा विसरू नका. उत्तर नाकारलं, माणूस नाकारला नाही.

दिवाडीची_फेरी

हे आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांतही आहे. माझी मैत्रीण चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पाद्रीकडे पापांची कबुली द्यायला जायची, बाहेर आली की एखादं पाप सांगायचं राहिलं असं वाटून परत रांगेत. शेवटी पाद्रीने सांगितलं, महिन्यातून एकदाच, तेही माझ्याकडेच. नंतर तिनेच मला सांगितलं की जेझुईट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनाही तरुणपणी असाच छळ झाला होता. तीच तीच पापं पुन्हा कबूल करत राहायचे. जुन्या गोव्यातल्या सां फ्रान्सिस झेवियरचे ते सोबती. एवढ्या मोठ्या माणसाला झालं होतं हे कळल्यावर तिला धीर आला.

मांडवीकाठचा

तुळशीवृंदावनताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं विधान मागे घेतो. प्राणायामाने मला स्वतःला रक्तदाबात फायदा झाला, म्हणून तोंडात आलं. पण एक शंका आहे. श्वासावर लक्ष दिल्याने याला काहीच उपयोग नाही?

मनोमन

आहे की. एकूण ताण कमी होतो, झोप सुधारते. फक्त "विचार आला की लगेच पाच वेळा दीर्घ श्वास, नाहीतर अनर्थ" असं झालं तर तो श्वासही मोजणीसारखाच होतो. रोज सकाळी ठरल्या वेळी करा, विचाराला पळवायला करू नका.

अबोली

हे कुणालाच सांगितलेलं नाही, टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. बाळ चटईवर. एकदम मनात आलं, ही विळी बाळाला लागली तर? मी लावली तर? अंगाला घाम फुटला. खवलेला नारळ तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी विळी माळ्यावर ठेवली, मग सुरी, मग कात्रीसुद्धा. बाळाला न्हाऊ घालायचं सोडलं, आईला सांगायचे माझी कंबर दुखते. बाळ रडलं तरी जवळ जायला घाबरायचे, मी राक्षसीण आहे असं वाटायचं. नवऱ्याला वाटलं मला मुलगी नकोशी झालीय.

पहिल्यांदा ज्या खाजगी दवाखान्यात गेले तिथे "नवीन आयांना होतं असं, दूध प्या" म्हणून परत पाठवलं. दोन महिने फुकट गेले. नंतर बांबोळीला, मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "हा विचार आल्यावर तुम्हाला कसं वाटतं?" म्हटलं, मरावंसं वाटतं. त्या म्हणाल्या, "ज्याला खरंच इजा करायची असते तो विळ्या लपवत बसत नाही." मी टेबलावर डोकं ठेवून रडले. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. काल तिला शेजारी बसवून नारळ खवला.

मनोमन

अबोली, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. एक गोष्ट जोडते, कारण इथे घरची माणसंही वाचत असतील. बाळंतिणीला असे विचार नकोसे वाटत असतील, त्यांची किळस येत असेल, तर ते ओसीडीकडे झुकतं. पण तिला आवाज ऐकू येत असतील, भलत्याच गोष्टी खऱ्या वाटत असतील, झोपेची गरजच वाटत नसेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि "मरावंसं वाटतं" हे शब्द कुणाच्याही तोंडून आले तर ते तसेच सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो आणि फुकट आहे.

पेडण्याचा_पाऊस

बांबोळी म्हटलं की आमच्या घरात अजून आवाज खाली जातो. आजी "अल्तिनो" म्हणायची, तेही कुजबुजून. पूर्वी इस्पितळ पणजीला अल्तिनोवर होतं ना.

डिचोलीकर

हो, आणि नाव होतं आबे फारियांचं. जुन्या सचिवालयाच्या बाजूला पुतळा आहे तेच, बाईवर हात पसरून उभे असलेले. कांदोळीत १७५६ साली जन्मले, पॅरिसला गेले. संमोहनात चुंबकाची शक्ती वगैरे काही नसते, जे घडतं ते माणसाच्या मनातल्या सूचनेमुळे, हे त्यांनी त्या काळात ठासून सांगितलं. मनाचा अभ्यास करणारा एवढा माणूस आपल्या मातीतला, आणि आपण मनाच्या डॉक्टरकडे तोंड लपवून जातो. अवांतर झालं, पण राहवलं नाही.

पेडण्याचा_पाऊस

माहिती छान. पण मला गोळ्यांबद्दल विचारायचंय. माझे काका वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन दिवसभर पेंगत असायचे. एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात.

मनोमन

काकांना काय आजार होता आणि कुठल्या गोळ्या होत्या ते कळल्याशिवाय बोलता येणार नाही. ओसीडीला सहसा फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन या गटातली औषधं देतात. झोपेच्या गोळ्यांसारखं त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करायची नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरेच जण इथेच फसतात : पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडतात. ओसीडीत गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, आणि मात्राही नैराश्यात देतात त्याहून बऱ्याचदा जास्त लागते. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा झाला तर डॉक्टरांना सांगा, सोसत बसू नका.

दुसऱ्या_बाजूने

मी रुग्ण नाही, रुग्णाची बायको आहे. प्रवासीबाब, तुमच्या बायकोसाठी लिहितेय, तिला वाचायला द्या.

ताई, माझ्या नवऱ्याला कुलपाचं होतं. "लावलं ना?" "लावलं." "नक्की?" "नक्की." रात्री झोपेपर्यंत वीस-पंचवीस वेळा. मी प्रेमाने उत्तर द्यायचे, मग थकून द्यायचे, मग ओरडून द्यायचे. कसंही दिलं तरी उत्तर ते उत्तरच. सोबतच्या खुर्चीत बसवून समुपदेशकांनी मला सांगितलं तेव्हा मला खूप लागलं : मी दिलेलं प्रत्येक "हो" त्याच्या आजाराच्या पदरात पडत होतं.

एकदम बंद केलं नाही. दोघांनी मिळून, त्याचं डोकं शांत असताना, ठरवलं. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच उत्तरं, मग तीन, मग एक. त्यानंतर मी म्हणायचं, "हा प्रश्न ओसीडीचा आहे. मी उत्तर देणार नाही. पण मी इथेच आहे." वाक्य त्यानेच निवडलं. पहिल्या रात्री तो पलंगाच्या कडेला बसून थरथरत होता आणि मी त्याचा हात धरून गप्प होते. त्या रात्रीइतकं कठीण मी काही केलेलं नाही. पाऊण तासाने तो आपणहून आडवा झाला. कुलूप कुणी पाहिलं नाही.

तुळशीवृंदावन

हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

म्हार्दोळचा_प्रवासी

सगळ्यांचं वाचलं. "दुसऱ्या बाजूने" यांचं बायकोला वाचून दाखवायला घेतलं, अर्ध्यात माझा आवाज गेला, पुढचं तिने वाचलं. सोमवारी बांबोळीला जातोय. ती रजा टाकून येतेय.

म्हार्दोळचा_प्रवासी

मंडळी, सात आठवड्यांनी लिहितोय.

ओसीडीच निघालं. गोळी सुरू आहे, पहिले दहा दिवस पोट बिघडलं, आता ठीक. दर आठवड्याला समुपदेशन. त्यांनी मला एक यादी करायला लावली, कुठल्या रस्त्यावर किती भीती वाटते, १०० पैकी. घराजवळचा रस्ता दिवसा, बायको शेजारी : ३०. बाणस्तारी, रात्री, पाऊस, एकटा : ९५. खालून सुरुवात. वळायचं नाही, खात्री करायला म्हणून आरशात बघायचं नाही, बंपरला हात लावायचा नाही, फोन नाही. "काही झालं नाही" असं स्वतःला समजवायलाही बंदी आहे. मनात म्हणायचं, "झालं असेल, नसेलही, मी पुढे जातोय." हे म्हणताना सुरुवातीला पोटात गोळा यायचा.

काल रात्री बाणस्तारी. पाऊस होता. पुलाच्या अलीकडे तिथेच धक्का बसला. हात स्टिअरिंगवर ओले झाले, छातीत धडधड. पूल ओलांडला. म्हार्दोळचं तळं आलं तेव्हा भीतीचा आकडा ८० असेल. घरी आलो, गाडीची चावी खिळ्यावर लावली आणि बाहेर गेलो नाही. बायको तव्यावर बांगडे भाजत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. जेवून उठेपर्यंत ३५ वर आला होता.

परवाच्या दिवशी मात्र रायबंदरला हरलो, एकदा वळलो. समुपदेशक म्हणाल्या, चालतं, उद्या पुन्हा तोच रस्ता. देव बरें करूं सगळ्यांचं.

पोदेराची_सायकल

अभिनंदन बाब! मी कालपासून फोटो काढणं बंद केलंय. दोन दिवस कामात लक्ष नाही, पण घर जागेवर आहे.

नवा_वाचक_फोंडा

आजवर नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं. माझे विचार देवाबद्दलचे आहेत, इथे लिहवत नाहीत. बांबोळीला जायचं ठरवलंय, पण आत गेल्यावर पहिल्यांदा काय सांगायचं तेच सुचत नाही. किती वाजता जावं?

म्हार्दोळचा_प्रवासी

मी सकाळी आठला पोचलो होतो. आत गेल्यावर मीही गप्पच होतो. या धाग्यातली पहिली पोस्ट मोबाईलवर काढून डॉक्टरांच्या हातात दिली. तुम्ही कागदावर लिहून न्या, बोलावं लागणार नाही. सोमवारी मला जायचंच आहे, फोंड्याहून तुम्हाला गाडीत घेतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.